सध्या काय चाललंय?

जत्रेत, लग्नात, बारशाला, एसटी स्टँडवर... नोकरी शोधणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ती इंटरव्ह्यूची नाही. या तीन शब्दांची. "सध्या काय चाललंय?"

विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं हो. त्याला बोलायला विषय हवा असतो. पण ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला तो प्रश्न कपाळावर दगड मारल्यासारखा लागतो. मग तो जत्रेला येत नाही. मित्राच्या लग्नाला "अरे, त्या दिवशी क्लास आहे" म्हणतो. पुण्याहून शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो, घरात बसतो आणि रविवारी चौकात न जाता परत फिरतो. माझा एक मित्र सलग तीन वर्षं गावच्या जत्रेला आला नाही. देवावर राग नव्हता त्याचा. पारावर बसलेल्या माणसांवर होता.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नोकरी नसताना सगळ्यात महाग पडणारी गोष्ट जावा न येणं किंवा इंग्रजी कच्चं असणं नाही. महाग पडतं ते माणसं टाळणं. कारण बहुतेक वेळा नोकरीची बातमी याच माणसांकडून येते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच आपण त्यांच्याकडे पाठ फिरवून बसतो.

हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की तुम्हाला नोकरीची खबर कुणाकडून मिळाली? १९७३ साली त्याचा यावरचा निबंध आला आणि तो आजही वाचला जातो. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांच्यात सहातल्या एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना सांगणारा माणूस अधूनमधून भेटणारा, नाहीतर वर्षातून एखाद्या वेळी भेटणारा निघाला. जुना सहकारी, कॉलेजातला चेहरा लक्षात असलेला कुणीतरी. कारण साधं आहे. तुमचा रूममेट ज्या साईटवर जागा बघतो त्याच साईटवर तुम्हीही बघता. त्याला जे माहीत आहे ते तुम्हाला आधीच माहीत आहे. नवीन बातमी लांबूनच येणार. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवर असाच अभ्यास झाला. तिथेही मधल्या अंतरावरच्या ओळखी, म्हणजे फार जवळच्या नाहीत आणि अगदी परक्याही नाहीत अशा, नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या. संगणकाशी जास्त संबंध असलेल्या धंद्यांत तर हे जास्तच दिसलं.

म्हणजे बघा, पारावरचा तो आगाऊ काका. मधल्या अंतरावरची ओळख ती हीच!

आमच्या भागाला हे शिकवायला अमेरिकेतून कुणी यायची खरं तर गरज नव्हती. पाटण, जावळीकडची माणसं मुंबईला गेली ती गावकीच्या खोलीचा पत्ता खिशात घेऊन. खानापूर, आटपाडीकडे पाऊस नाही, शेती नाही, म्हणून तिथली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. आज विट्याच्या आसपासचा गलाईवाला तुम्हाला केरळात सापडेल, बंगालमध्येही सापडेल. पोरगं आधी मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात जायचं, भट्टीवर बसून काम शिकायचं, आणि चार-सहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकायचं. रेझ्युमे नाही, एचआर नाही. "आमच्याकडं जागा हाय, पाठवून द्या" एवढंच.

किर्लोस्करांचंच बघा. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून गाडी जाताना आपल्याला ते नाव जुनंपुराणं वाटतं. पण लक्ष्मणराव किर्लोस्कर हा मूळचा मुंबईत शिकवण्याची नोकरी करणारा माणूस. बढतीच्या वेळी त्यांना डावललं, म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे पहिले नांगर खपेनात. कसाबसा धंदा उभा राहिला, तर नगरपालिकेने जागा सोडायला लावली. वय चाळीसच्या पुढे, हातात कारखाना आहे पण तो ठेवायला जमीन नाही. अशा वेळी कामी आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांच्याशी ओळख होती, आणि काय अडचण आहे ते लक्ष्मणरावांनी त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपये कर्ज मिळालं. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत, तेव्हा हे दोन्ही एकाच संस्थानात होतं. त्या माळावर लक्ष्मणरावांनी माणसं घेताना कागद फारसे बघितले नाहीत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले.

दुसरं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. आपल्याला त्यांचे पुतळे माहीत असतात, रयत माहीत असते. पण मॅट्रिकसुद्धा पदरात नसलेला हा माणूस साताऱ्यात शिकवण्या करायचा. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरून विक्रीही त्याने केली. पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर सातारा रोडचा कारखाना उभा करण्यातही त्यांचा हात होता. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, तिच्यामागे ही सगळी पायपीट आहे. आजच्या भाषेत सेल्सची नोकरी! आमच्या पिढीत सेल्स म्हटलं की नाक मुरडतात. असो, तो वेगळा विषय आहे.

माझं थोडं सांगतो. आमची बॅच २०२० ची. सांगलीला इंजिनिअरिंग झालं, हातात एका कंपनीचं ऑफर लेटर होतं, आणि मार्चमध्ये जग बंद पडलं. जॉइनिंग जूनची सप्टेंबर झाली, सप्टेंबरची "वुई विल गेट बॅक टू यू" झाली, आणि मग मेलला उत्तर यायचंच बंद झालं. कंपनीचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. मी गावी, लॅपटॉप माळ्यावरच्या खोलीत, रेंज फक्त खिडकीत.

त्या दिवसांत माझी खरी प्लेसमेंट ऑफिसर होती आई. ती दळणाला जाताना, दूध घालताना, भेटेल त्याला सांगायची, "आमचा पोरगा इंजिनिअर झालाय, कुठं काय तरी बघा की." लोक बघायचे पण! कुणी साखर कारखान्यात केमिस्टच्या हाताखाली जागा सुचवली, कुणी वीज कंपनीच्या ठेकेदाराचा नंबर आणून दिला. लोक मनापासून मदत करत होते, फक्त त्यांना काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. मग मी आईला एक वाक्य दिलं. "कंपन्यांच्या वेबसाईट बनवायचं काम शिकलाय, पुण्यात पाहिजे, घरनं करायचं असलं तरी चालंल." बस. दोन महिन्यांनी माझ्या आत्याच्या शेजाऱ्यांच्या जावयाचा फोन आला. त्याच्या कंपनीला कमी पगारात, पण लगेच काम सुरू करणारी मुलं हवी होती. तीन राऊंड झाले, टेस्ट झाली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत मी कामाला लागलो. आत्याचा शेजारी मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

तर पहिलं काम हे करा. पिठाच्या गिरणीत न सांडता पोहोचेल असं एक वाक्य तयार करा. त्यात तीनच गोष्टी हव्यात. काय काम येतं, कुठे जायची तयारी आहे, कधीपासून. "आयटीमध्ये काहीपण चालेल" हे वाक्य कुणाच्याच डोक्यात राहत नाही. "सॉफ्टवेअर तपासायचं काम येतं, पुणे किंवा कोल्हापूर, लगेच येऊ शकतो" हे राहतं. आणि मग "सध्या काय चाललंय?" विचारणारा भेटला की खाली न बघता हे वाक्य त्याच्या हातात द्यायचं. एकदा करून बघा. दहातले आठ जण "बरं बरं" म्हणतील. एक जण उगाच सल्ला देईल, तलाठी भरतीचा फॉर्म भर म्हणेल. उरलेला एक खिशातून फोन काढेल.

"पण हा वशिलाच झाला की!" असं बरेच जण म्हणतात, आणि हे म्हणणारी मुलं सहसा चांगली असतात, त्यांना स्वतःच्या जिवावर मिळवायचं असतं. म्हणून जरा सविस्तर. वशिला म्हणजे ज्याला काम येत नाही त्याला रांग मोडून आत घुसवणं. ओळख म्हणजे रांग कुठे लागली आहे ते कळणं. टेस्ट तुम्हीच देता, इंटरव्ह्यूत घाम तुम्हालाच फुटतो. आयटी कंपन्यांत तर हे सगळं उघड चालतं. रेफरल नावाचा रीतसर फॉर्म असतो, आणि अनुभवी माणूस आणून दिला तर बऱ्याच कंपन्या आपल्याच कर्मचाऱ्याला बोनस देतात. म्हणजे समोरच्याने तुमचं नाव पुढे केलं तर तो उपकार करतोय असं नेहमीच नसतं.

आणि काम मागण्यात लाज कसली? या बाबतीत सांगली जिल्ह्याचा एक मोठा वारसा आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या सॅलरी स्लिपवर छापलेला असतो. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते. जो मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना त्यांनी १९६५ च्या सुमारास आधी आपल्याच भागात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिच्यावर राज्यभर माणसं जगली आणि १९७७ मध्ये तिचा रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे २००५ साली दिल्लीने देशासाठी केला तो कायदा याच वाटेने गेला. या योजनेला पैसा लागतो म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. दर महिन्याला पगारातून २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच तो प्रोफेशन टॅक्स. रोजगार हमीत माणूस काम "मागतो". अर्जालासुद्धा कामाची मागणी असंच म्हणतात. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्या आज्यांना काम मागताना लाज वाटली नाही, आणि आपण लिंक्डइनवर सिनियरला "हाय" टाकायला चार दिवस घालवतो.

बरं, तो "हाय" टाकूच नका. मला आठवड्याला असे दोन-तीन मेसेज येतात. "हाय सर." मी हॅलो म्हणतो. मग "सर, एनी व्हेकन्सी?" सोबत चार पानांचा रेझ्युमे, फाईलचं नाव "रेझ्युमे फायनल न्यू टू". याचं मी काय करू? त्यापेक्षा असं लिहा: "नमस्कार दादा, मी अमुक गावचा, तमक्यांचा भाचा. २०२४ ला सांगलीतून कम्प्युटर इंजिनिअरिंग झालं. ऑटोमेशन टेस्टिंग शिकलोय, एक छोटा प्रोजेक्ट स्वतः केलाय. तुमच्याकडे फ्रेशर टेस्टर घेतात का, आणि घेत असतील तर साधारण कोणत्या महिन्यात, एवढं सांगाल का?" या प्रश्नाचं उत्तर चहा पिता पिता देता येतं. म्हणून ते मिळतं. नोकरी मागितली की माणूस दबतो, माहिती मागितली की मोकळा होतो. आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करायची, त्यानंतर सोडून द्यायचं. राग धरायचा नाही. लोक खरंच विसरतात.

आणि दुसऱ्याच कुणामुळे काम झालं, तरी पहिल्याला कळवा. "दादा, मला अमुक ठिकाणी लागलं, तुम्ही तेव्हा बोललात, बरं वाटलं." हे कळवणारी मुलं इतकी कमी आहेत की कळवणारा जन्मभर लक्षात राहतो.

पुणे, पुणे आणि पुणे, हाही एक आजार आहे. हिंजवडीला आयटीच आहे हे मान्य, मीही रोज तिथेच ट्रॅफिकमध्ये बसतो. पण २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हापासून "मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी" हे समीकरण जरा तपासून घ्यायला हवं. कूपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत. साताऱ्यात एमआयडीसी आहे, फलटणला कमिन्सचा मोठा पसारा आहे, शिरवळ-खंडाळ्याला कारखाने वाढलेत. यातल्या छोट्या कारखान्यात जाऊन बघा. अजून स्टॉक एक्सेलमध्ये, तोही एकाच माणसाच्या पेनड्राइव्हवर! तिथे एक वर्ष काढून त्यांचा स्टॉक नीट लावून दिलात, तर पुढच्या इंटरव्ह्यूत सांगायला खरी गोष्ट मिळते. पगार कमी असेल, हे मी लपवत नाही. पण घरचं जेवण आणि खोलीभाडं शून्य, याचाही हिशोब मांडा. पुण्यातला क्लास, कॉट बेसिस आणि मेस यांचे वर्षाचे पैसे एका कागदावर लिहून बघा एकदा, वडिलांना न दाखवता.

राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली होती. त्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन होतं, आधी सहा महिन्यांसाठी, नंतर मुदत वाढली. अशा योजनेत गेलात तर अनुभवाचा दाखला घ्या, काम शिका, पण ती कायम होईल असं धरून लग्न ठरवू नका.

स्पर्धा परीक्षावाल्यांना सांगायला जीभ रेटत नाही. तुमची मेहनत आम्ही कुणी केलेली नाही. एवढंच म्हणतो, की किती अटेम्प्ट देणार ते सुरू करतानाच कागदावर लिहा आणि घरात एकाला दाखवून ठेवा. आणि बाहेर पडल्यावर त्या वर्षांना रेझ्युमेत "गॅप" म्हणून लपवू नका. "तीन वर्षं राज्यसेवेचा पूर्णवेळ अभ्यास, मुख्य परीक्षेपर्यंत" असं सरळ लिहा. लिहिलेलं वाचणारा माणूस त्यातून चिकाटी वाचतो. लपवलेलं पकडणारा मात्र खोटेपणाच वाचतो.

आता एक गोष्ट ओरडून सांगायची आहे. नोकरीसाठी पैसे देऊ नका. एक रुपयासुद्धा नाही. डिपॉझिट, रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग फी, लॅपटॉप सिक्युरिटी, "बॅकडोअर एंट्री"... नावं बदलतात, माणूस तोच असतो. आमच्या बॅचच्या एका मुलाच्या वडिलांनी गाई विकून असे पैसे भरले. ऑफिस दोन महिन्यांत रिकामं झालं, दारावरचा बोर्डसुद्धा नेला त्यांनी. बनावट अनुभवाची पत्रं विकणारे असतात, ते म्हणतात सगळे असंच करतात. पण आज तुमच्या यूएएन नंबरवर पीएफचा सगळा इतिहास दिसतो, कुठल्या कंपनीत कधी होता ते तारखांसकट. दोन वर्षांचा अनुभव दाखवलात आणि पीएफ एक महिन्याचाही नाही, तर बॅकग्राउंड चेकमध्ये काय होणार? लागलेली नोकरी जाते, आणि ज्याने रेफर केलं त्याचंही तोंड काळं होतं. त्याने परत कुणाला रेफर करायचं नाही असं ठरवलं, तर नुकसान तुमच्या मागून येणाऱ्या गावच्या पोरांचं.

आता माझ्यासारख्यांना, म्हणजे जे आत बसलेत त्यांना. आपल्यातल्या बऱ्याच जणांना गावाकडून फोन आला की कंटाळा येतो. "आला अजून एक." मान्य आहे, मलाही येतो. पण "नाही, सध्या आमच्याकडे काही नाही" हे लिहायला वीस सेकंद लागतात, आणि त्या वीस सेकंदांनी समोरचा निदान वाट बघायचं थांबवतो. जमलं तर महिन्यातून एका रविवारी दोन पोरांचा मॉक इंटरव्ह्यू घ्या. मराठीत घ्या आधी. येतंय काय ते कळतं, मग इंग्रजीचं बघता येतं. आणि जत्रेला गेलात तर पगार सांगत बसण्यापेक्षा कुठे माणसं लागतायत ते सांगा.

गेल्या आठवड्यात गावातल्या एका काकांचा मेसेज आला. पुतण्या मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, फाउंड्रीत कास्टिंग तपासायचं काम शिकलाय, सांगली-मिरज कुठेही चालेल, एक तारखेपासून येईल. मला कास्टिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण इतकं स्वच्छ लिहिलं होतं, की मी ते तसंच उचलून कूपवाडला काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या क्लासमेटला पाठवून दिलं. आम्ही दोघं कॉलेज संपल्यापासून बोललो नव्हतो. त्याने आधी पुतण्याचा नंबर मागितला, आणि मग मला विचारलं, "तुझं काय चाललंय सध्या?"